अजूबाचा अर्थ

“याबेस,” अजूबानं चिठ्ठी वाचली. “आईला वेदना देऊन जन्मलेला.”

“लिही. पुढची घे,” आबाजी पाळक म्हणाले.

जुन्या करारातल्या वंशावळींत नुसती यादीपुरती येऊन गेलेली नावं आणि त्यांचे हिब्रू अर्थ पाळकांनी वर्षानुवर्षं चिठ्ठ्यांवर टिपून ठेवले होते. आता मोतीबिंदूमुळं स्वतःचंच अक्षर त्यांना लागेना. म्हणून बारामतीच्या मुलींच्या बोर्डिंगात स्वयंपाक करणारी अजूबा दुपारी येऊन त्या चिठ्ठ्या वहीत उतरवायची. शिक्षण सातवी, पण अक्षर वळणदार.

“इक्केश. वाकडा.” तिनं तेही लिहिलं, पुढची चिठ्ठी उचलली आणि उजेडाकडं धरली.

“लागत नाही का?”

“लागतंय की. अजूबा. टाकलेली स्त्री.”



शेळगावच्या, पूर्वी मेंढरं राखणाऱ्या घरात ती चौथी मुलगी. नाव ठेवलं नकोशी. सहाव्या वर्षी आई, सारजा, तिला बोर्डिंगात सोडून गेली. पुढं बाप्तिस्म्याच्या वेळी याच पाळकांनी तिला नवं नाव दिलं. हिंदीत अजूबा म्हणजे नवल, असं बोर्डिंगातल्या एका बाईंनी सांगितलं होतं. तेच ती तेव्हापासून सगळ्यांना सांगत आली. मूल होत नाही म्हणून डाळजच्या नवऱ्यानं दुसरी बायको आणली आणि ही परत बोर्डिंगाच्या चुलीपाशी आली, त्यानंतरही.

“तुमीच ठेवलंय हे नाव,” ती म्हणाली.

“ठेवलं तेव्हा एवढंच ठाऊक होतं, की ते एका राजाच्या आईचं आहे. अर्थ नंतर सापडला.”

“कवा?”

“तुझ्या लग्नाच्या आदल्या साली.”

“आन बोलला न्हाय.”

“सांगितलं असतं तर काय करणार होतीस?”

अजूबा वहीकडं बघत राहिली. “डाळजात बाया मागनं म्हणायच्या, टाकलेली चालली. मी मनात म्हणायची, म्हणू दे. ते काय माझं नाव न्हाय.”

पाळकांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. “ती चिठ्ठी राहू दे. अर्थ अनिश्चित, असं लिही.”

“बाकीच्यांचं खरं आन माझंच खोटं व्हय?”

तिनं चिठ्ठीत होतं तसं लिहिलं. शाई वाळू दिली, वही मिटली आणि संध्याकाळच्या भाकरी थापायला गेली. त्यानंतर ती लिहायला आली नाही.

आठवड्यानं तिचा भाऊ दादासो मोटारसायकल घेऊन बोर्डिंगाच्या दारात आला. तो एमआयडीसीत कामाला होता. त्याला तिसरी मुलगी झाली होती आणि बारशाला आत्या हवी होती.

शेळगावात ओसरीवर पाळणा बांधला होता. सारजा म्हातारी पाळण्याला टेकून बसली होती.

“माझं ऐका, नकोशीच ठेवा,” ती म्हणाली. “हिला ठेवलं, तर पाठीवर दादासो आला.”

“आता तसली नावं कोण ठेवतंय आई?” दादासो म्हणाला. “चांगलं शिकलेलं नाव काढलंय. प्रतीक्षा.”

जमलेल्या बायकांना नाव आवडलं. शेजारच्या छबूबाईनं दोनदा म्हणून बघितलं.

“म्हंजी काय?” अजूबानं विचारलं.

“वाट बघणं.”

“कुणाची?”

 दादासोची बायको खाली बघून पदर सारखा करू लागली.

“सांग की. हिनं कुणाची वाट बघायची?”

“आक्का, कुर्र कर. मानसं खोळंबल्यात.”

अजूबा वाकली. बाळाच्या जावळाला कोमट तेलाचा वास होता. कानाशी तोंड नेऊन ती तशीच थांबली, आणि मग सरळ झाली.

“माझ्या तोंडनं न्हाय व्हायचं.”

“मग आलीस कशाला?” सारजा म्हणाली.

शेवटी छबूबाईनं कुर्र केलं. नाव प्रतीक्षाच पडलं. घुगऱ्या वाटून झाल्या, पुरुषांची पंगत बसली. बायकांची बसायच्या वेळी पोरगी रडायला लागली. ताटं वाढलेली, कुणी उठेना. अजूबानं पाळण्याची दोरी हातात घेतली.

बायकांचीही पंगत उठली. पत्रावळ्या गोळा झाल्या, ओसरी झाडून झाली. तिला जेवायला चल असं कुणी म्हणालं नाही. पोरगी केव्हाच झोपली होती. अजूबा पाळणा हलवत राहिली.