सात नंबर आणि मोरीची धार

मी एक जुना सात नंबर आहे. नाव ऐकून बुचकळ्यात पडू नका, मित्रांनो. गोल्फच्या बॅगेत चौदा काठ्या असतात. आमचे कोणी बारसे करत नाही, बहुतेकांना नुसते आकडेच देऊन टाकतात. जाड डोक्याच्या लांब काठ्या फोटोत मिरवतात. बॉल भोकात ढकलणारा पटर सगळ्यात शेवटी येतो आणि सगळे श्रेय घेऊन जातो. मी मधला. ना फार लांबचा, ना फार जवळचा. पण मधल्यावाचून कोणाचेही चालत नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

दूरच्या कुठल्याशा कारखान्यात माझे पोलादी डोके ओतले गेले. त्याला दांडा बसला, मुठीवर काळे रबर चढले आणि तोंडावर बारीक खाचा पडल्या. त्या खाचांचा मला तेव्हा फार अभिमान वाटे. कोल्हापूरजवळच्या गोल्फ मैदानावर मी आलो तो एका निवृत्त फौजी साहेबांबरोबर. त्यांची बॅग गौसचाचा वाहायचे. चाचांनी तीस वर्षे दुसऱ्यांच्या बॅगा वाहिल्या आणि खेळ मात्र सगळा डोळ्यांनी शिकून घेतला. साहेब गाव सोडून गेले तेव्हा जाताना मला चाचांच्या हातात देऊन गेले. पुढे चाचा त्याच मैदानावर नवख्यांना शिकवू लागले.

एके दिवशी गवत कापायचे यंत्र बंद पडले म्हणून प्रसेनजीत सरांना बोलावणे गेले. सर राहायला कसबा बावड्याला आणि आयटीआयमध्ये मुलांना फिटरचे काम शिकवतात. यंत्र अर्ध्या तासात सुरू झाले. खूश होऊन चाचांनी मला सरांच्या हातात दिले आणि म्हणाले, "एक मारून बघा की सर." सरांनी मारला. तो बॉल कसा कोण जाणे, सरळ उडाला आणि भोकातल्या झेंड्यापाशी जाऊन बसला. सर बराच वेळ तिकडे बघत उभे राहिले. त्यांचा चेहरा पाहून चाचांनी मला त्यांनाच देऊन टाकले. तो एक फटका सरांना पुढची दहा वर्षे पुरला. तसा दुसरा मात्र काही केल्या जमेना.

कारण मला ठाऊक होते, पण मला विचारतो कोण? सर मला आवळायचे. अहो, ज्या माणसाने आयुष्यभर पोरांना "पिळ, अजून पिळ, ढिला ऱ्हायला तर मशीन खोलंल" असे शिकवले, तो काठी तरी हळू कशी धरणार? नट आवळावा तसे ते मला आवळत. मनगट लाकडासारखे ताठ होई, माझे तोंड वळायचे तिथे वळत नसे आणि बॉल उजवीकडे, थेट सरुबाईंच्या उसात. मैदानाला लागूनच त्यांचा ऊस. सरुबाई पदरात चार-पाच बॉल घेऊन बांधावर यायच्या आणि हाक मारायच्या, "पावणं, तुमची कोंबडी परत माझ्या रानात घालून गेली बघा."

सरांबरोबर त्यांची मुलगी श्रुती सातव्या वर्षापासून यायची. तिचा हात जात्याच हलका. बघता बघता ती बापाच्या पुढे निघून गेली. सर मात्र जिथल्या तिथे. मग त्यांना वाटले, दोष काठीत आहे. त्यांनी पुण्याहून चकचकीत नवा संच आणला आणि मी दाराआड गेलो.

मित्रांनो, त्या तीन वर्षांबद्दल मी फार बोलत नाही. स्नेहलताई, म्हणजे सरांची पत्नी, माझ्यावर ओला पंचा वाळत घालायच्या. मला वापरून माळ्यावरचे डबे ओढले, परड्यातले आंबे पाडले, एकदा तर गटारात पडलेली सायकलची किल्लीसुद्धा काढली. खाचांत चिकट चीक बसला, दांड्यावर गंजाचे ठिपके आले. आंबे मी चांगले पाडत असे, हे मात्र मान्य करायला हवे.

मग गेल्या वर्षीचा मे महिना आला. मैदानावर दर मे महिन्यात पालक आणि मुलांची जोडीची स्पर्धा असते. त्यात जोडीला मिळून एकच बॉल. एकदा एकाने मारायचा, एकदा दुसऱ्याने. म्हणजे बापाने घाण केली की ती लेकीने निस्तरायची. पुढचा प्रकार मला नंतर पटरने सांगितला आणि तो मसाला लावून सांगतो, तरी मूळ गोष्ट खरी आहे. नऊ होल, म्हणजे नऊ भोकांचे टप्पे; त्यातले आठ झाले तेव्हा ही दोघे पहिली होती. नवव्या होलला मध्ये ओढा आहे आणि उजव्या हाताला ऊस. पहिला फटका सरांचा होता. तो उसात गेला. बॉल हरवला, म्हणून नियमाप्रमाणे श्रुतीने पहिल्याच जागेवरून दुसरा बॉल मारला आणि सुंदर पलीकडे, भोकाभोवतीच्या हिरवळीवर नेऊन ठेवला. आता सरांनी तो भोकाकडे नुसता ढकलायचा होता. सरांनी तो असा ढकलला की बॉल भोकाशेजारून, झेंड्याशेजारून, लोकांच्या पायांमधून मागे ओढ्यात जाऊन पडला. पहिली जोडी सहावी झाली.

श्रुती रागातच घरी आली. दारात चपला काढताना तिने जाहीर केले, "पुढच्या वर्षी मी मम्मीला घेऊन खेळतो." आमच्याकडच्या मुली असेच बोलतात. आणि तिच्या मम्मीने आजवर मला धरले होते ते फक्त आंब्यांसाठी! सर दाराआड आले आणि माझ्याशेजारी उगाचच उभे राहिले. पुढच्या वर्षी श्रुतीची बारावी संपणार होती आणि जुलैत ती शिकायला पुण्याला जाणार होती. म्हणजे पुढच्या मे महिन्यानंतर जोडीची स्पर्धा नव्हती. एकदा तरी आपल्या लेकीने आपल्यावर भरवसा टाकून खेळावे, एवढेच त्यांना हवे होते. मला त्यांची फार दया आली. पंच्याचा अपमानसुद्धा मी त्या दिवशी विसरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नव्या संचासह गौसचाचांकडे गेले. चाचांनी बॅगेकडे बघितलेसुद्धा नाही.

"चौदा काठ्या चौदा चुका करत्यात, सर. माझा जुना सात नंबर कुठं हाय?"

"घरात हाय. आंबं पाडतोय."

"त्याला घेऊन या. वर्षभर त्यो एकच."

असा मी परत आलो. सरांनी मला कोमट पाण्यात साबण घालून धुतले, जुन्या टूथब्रशने एकेक खाच साफ केली. त्या दिवशी मला नव्याने जन्मल्यासारखे वाटले. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीचा दिवस सोडला तर वर्षभर आमची एक सकाळ चुकली नाही. उजाडताना मैदान, मग आयटीआय. पहिला महिनाभर चाचांनी बॉल दिलाच नाही. नुसते हवेत फिरवायचे, तेही सावकाश. रस्त्याने जाणारे लोक थांबून बघायचे आणि एकाने तर "सर, डास लई झाल्यात काय?" असे विचारलेही.

तरी मूठ सुटेना. चाचा सांगून थकले. शेवटी एका सकाळी ते सरांना बांध ओलांडून सरुबाईंच्या गोठ्यात घेऊन गेले. मला सरांनी सवयीने काखेत धरले होते. सरुबाई त्यांच्या मोरी नावाच्या म्हशीची धार काढत होत्या.

"सरुबाई, ह्यांना धार काढायला शिकवा," चाचा म्हणाले.

"मास्तरांना? कशापायी?"

"ह्यांची मूठ सुटंना झालीया."

सर चाचांकडे बघतच राहिले. गोल्फ शिकायला आलेल्या माणसाला म्हशीखाली बसवणारा गुरू त्यांनी कोणत्याही व्हिडिओत पाहिला नव्हता. पण बसले बिचारे. त्यांनी सड धरला तो थेट फिटरच्या मुठीत. मोरीने मान वळवून एकदा त्यांच्याकडे बघितले आणि चरवीला अशी लाथ घातली की ती गडगडत माझ्यापर्यंत आली.

"आवं मास्तर, म्हस हाय ती, नट न्हवं!" सरुबाई ओरडल्या. "आवळायचं न्हाय आन् सोडायचंबी न्हाय. धरल्यालं तिला कळाय पायजे, दुखाय न्हाय."

मी आयुष्यात पुष्कळ शिकवण्या ऐकल्या आहेत, पण माझे सगळे दुखणे असे दोन वाक्यांत कोणी मांडले नव्हते. मला त्या बाईंच्या पाया पडावेसे वाटले. पण काठीला ते कसे जमणार?

पंधरा दिवस मोरीने सरांना दाद दिली नाही. मग एका सकाळी चरवीत चुर्र चुर्र असा आवाज येऊ लागला. एकदा या हाताने, एकदा त्या हाताने, एका लयीत. सर लहान मुलासारखे हसले. त्याच हातांनी त्यांनी बाहेर येऊन मला धरले आणि मला पहिल्यांदा श्वास घेता आला.

यापुढे सगळे सुरळीत झाले असे सांगितले असते, पण ते खोटे ठरले असते. फेब्रुवारीत सगळे बिघडले. बॉल डावीकडे जाऊ लागला. घाबरून सरांनी चोरून मोबाईलवर व्हिडिओ बघायला सुरुवात केली आणि एका आठवड्यात तीन निरनिराळ्या साहेबांच्या लकबी उचलल्या. चाचांनी लांबूनच ओळखले. त्यांनी हात पुढे केला, "मोबाईल आणा इकडं," आणि तो रोज सकाळी खिशात घालून ठेवू लागले. पुन्हा म्हैस, पुन्हा हवेत फिरवणे, पुन्हा पन्नास बॉल. मार्चमध्ये दहातले चार सरळ गेले. एप्रिलमध्ये सहा. सरुबाईंची तक्रारच होती, की हल्ली बॉल सापडत नाहीत, करमत नाही.

एप्रिलच्या शेवटी स्पर्धेसाठी नावे द्यायची होती. श्रुतीने आपल्या वहीत जोडीदार म्हणून अजून मम्मीचेच नाव लिहून ठेवले होते. बारावीच्या अभ्यासामुळे वर्षभर मैदानाकडे न फिरकलेली ती त्या सकाळी न सांगता तिथे आली. बाप कुठे दिसेना म्हणून शोधत शोधत गोठ्यापाशी पोचली आणि आपले पप्पा म्हशीखाली बसलेले बघून पोट धरधरून हसली. हसून हसून डोळ्यांत पाणी आले तेव्हा चाचांनी तिला सारे सांगितले. वर्षभराचे. तिचे हसू हळूहळू थांबले.

मग सर नवव्या होलला उभे राहिले आणि मला घेऊन त्यांनी दहा बॉल मारले. आठ ओढ्यापलीकडे गेले. श्रुतीने वही काढली आणि ती म्हणाली, "मम्मीचं नाव खोडतो. आणि सुरुवात तुम्ही करायची."

जोडीतल्या दोघांनी एकाआड एक होल सुरू करायचे असते; म्हणजे सुरुवात ज्याची, नवव्या होलचा पहिला फटकाही त्याचाच. हे तिला पक्के माहीत होते.

स्पर्धेच्या दिवशी आठ होलपर्यंत ती दोघे तिसरी होती. नवव्याला सर आले, समोर ओढा, उजवीकडे ऊस, बांधावर सरुबाई आणि मागे माणसांची गर्दी. सरांचा हात नव्या काठ्यांकडे गेला. श्रुतीने मला बॅगेतून काढले आणि त्यांच्या हातात दिले. मित्रांनो, काय सांगू! ती जुनी मूठ परत आली. बोटे पांढरी पडली, रबर दबले, मनगट ताठ झाले. वर्षभराची मेहनत आता उसात जाणार असे मला वाटले. मला ओरडता येत असते तर मी ओरडलो असतो.

तेवढ्यात श्रुती मागून हळूच म्हणाली, "पप्पा, मोरी लाथ घालंल."

सर खुदकन हसले. मूठ सैल झाली. मी वर गेलो, खाली आलो, आणि बॉल माझ्या तोंडाच्या बरोबर मध्यावर लागला. त्या आवाजासाठी आम्ही काठ्या जगतो. बॉल ओढ्यावरून गेला आणि हिरवळीवर पडून झेंड्यापासून चार पावलांवर थांबला. बांधावरून आवाज आला, "आगं बया, गेला की पल्याड!"

आता श्रुतीने ढकलायचा होता. आणि इतकी वर्षे न चुकणारी ती मुलगी चुकली. बॉल भोकाच्या कडेने फिरून हातभर पुढे गेला. "चुकलो की ओ पप्पा," ती रडवेली होऊन म्हणाली.

"चुकायचा मान माझा हाय," सर म्हणाले, "तू मधी मधी येऊ नगंस." आणि त्यांनी पटर घेतला, हलक्या हाताने बॉल भोकात घातला. त्यांचा दुसरा नंबर आला. बक्षीस म्हणून स्टीलची मोठी किटली मिळाली. ती दुधासाठी सरुबाईंच्या गोठ्यात गेली. पटर अजूनही ते बक्षीस आपल्यामुळे मिळाले असे सांगतो. मी दुर्लक्ष करतो.

जुलैत श्रुती पुण्याला निघाली. हॉस्टेलच्या खोलीत बॅग मावणार नव्हती. "एकच काठी नेतो," ती म्हणाली. सरांनी नवा संच पुढे केला. तिने मला उचलले. स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत सरांनी खिडकीतून तिचा हात धरला होता. मी शेजारीच होतो, मला नीट दिसत होते. आवळला नव्हता आणि सोडलाही नव्हता. गाडी हलली तेव्हा तो हात आपोआप सुटला.

आता मी पुण्यात एका कपाटाशेजारी उभा आहे. मित्रांनो, तुमच्याही घरी दाराआड माझ्यासारखे कोणीतरी असेल. त्याला महिन्यातून एकदा पुसा, खाचांतली माती काढा, आणि काही बिघडले की आधी आपली मूठ तपासा, मगच त्याला दोष द्या. दर रविवारी सरांचा फोन येतो आणि पहिला प्रश्न असतो, "सात नंबर पुसलास न्हवं?" श्रुती घाईघाईने ओढणीच्या टोकाने मला पुसत सांगते, "कवाच पुसला की."

फोन ठेवल्यावर ती मला हातात घेऊन खिडकीशी थोडा वेळ उभी राहते. हलक्या हाताची ही मुलगी तेव्हा मला आवळते, अगदी तिचे पप्पा आवळायचे तशी. मी तक्रार करत नाही.