विष्णूरावांनी पाठवलेलं गाणं

विष्णूरावांनी हयात इंदूरच्या बिजली दफ्तरात काढली, आणि एखादं काम अंगावर घेतलं की ते तडीस नेल्याशिवाय त्यांना चैन पडायची नाही. निवृत्तीनंतर मात्र कुणी काही सांगेनासंच झालं होतं. त्यामुळे लेक मधुरिमा म्हणाली, "बाबा, माझं गाणं तुमच्या ग्रुपवर टाका ना," तेव्हा त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मधुरिमा विजय नगरच्या एका कंपनीत कामाला होती आणि उरलेल्या वेळात गाणी करायची. ऑफिसातून उशिरा घरी येणाऱ्या मुलीचं आणि फाटकाशी दिवा लावून बसलेल्या आईचं नवं गाणं तिने नेटवर चढवलं होतं. पाठीशी कुणी नाही. रील बनवायची, लिंक पाठवायची आणि लोकांच्या मिनतवाऱ्या करायच्या. पीयूष नावाचा एक कॅफेवाला तिला शनिवारी स्टेज द्यायला तयार होता, पण शुक्रवारपर्यंत गाणं पाच हजार वेळा ऐकलं गेलं पाहिजे, ही त्याची अट. घराबाहेरच्या लोकांसमोर ती पहिल्यांदाच गाणार होती.

विष्णूरावांनी लिंक सगळीकडे टाकली. सुदामा नगरचा ग्रुप, रिटायर मंडळी, देपालपूरची सासुरवाडी. कुणी हूं की चूं केलं नाही. शेवटी त्यांनी शेजारच्या प्रतापरावांना फोन लावला.

"भिया, लिंक मी दाबत नाही," प्रतापराव म्हणाले. "मुलाने सक्त मना केलंय. दाबली की खातं साफ."

बरोबरच होतं. विष्णूरावांना तरी मधुरिमाने हेच बजावलं नव्हतं का? मग त्यांना आठवलं. लेक घरात रियाज करत असताना कौतुकाने त्यांनी फोनवर टेप करून ठेवलं होतं. लिंकची भानगडच नको. त्यांनी तेच पाठवलं, आणि मग फोन थांबेना. प्रतापरावांनी चार ग्रुपांवर पुढे ढकललं, तिथून ते कुठे कुठे गेलं देव जाणे.

शुक्रवारी संध्याकाळी मधुरिमा घरी आली ती चेहरा पाडून. आकडा आठशे अकरावर अडला होता आणि पीयूषने नकार कळवला होता.

"असं कसं? अख्ख्या इंदूरने ऐकलंय," म्हणत विष्णूरावांनी फोन पुढे केला.

तिने ऐकलं. पहिलं कडवं संपलं, आणि मागून तिच्या आईचा, मनोरमाबाईंचा, खणखणीत आवाज आला: "अहो, मोटर बंद करा, टंकी वाहतेय."

"बाबा, हे पाठवलं तुम्ही? लोकांना? याची गिनतीच होत नाही. आणि वर हसं झालं ते वेगळं."

ती आत निघून गेली. इतकं वाईट विष्णूरावांना स्वतःच्या कुठल्याच चुकीचं वाटलं नव्हतं. दोन दिवस पोरगी त्यांच्याशी बोलली नाही.

रविवारी देपालपूरला मनोरमाबाईंच्या बहिणीच्या, भानुमतीमावशीच्या, महिला मंडळाचा कार्यक्रम होता. मावशीने फोनवर हुकूमच सोडला होता: "मधुला घेऊन या, ती गाणारे. इथे सगळ्यांना पाठ झालंय." मावशीला नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. मधुरिमा गेली, पण गाडीत खिडकीबाहेर बघत राहिली.

हॉल गच्च भरला होता. तिने गायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला बायका सोबत गाऊ लागल्या. विष्णूरावांनी मान खाली घातली. कारण पुढे काय येणार ते त्यांना ठाऊक होतं. कडवं संपलं, आणि दीडशे बायका एका सुरात म्हणाल्या, "अहो, मोटर बंद करा, टंकी वाहतेय."

मनोरमाबाईंनी पदर तोंडावर घेतला. मागच्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "इथेच मला रडू येतं बघ. आमचेही असेच विसरायचे."

मधुरिमा गायची थांबली. तिने त्या म्हातारीकडे पाहिलं, मग पहिल्या रांगेत अंग चोरून बसलेल्या बापाकडे. स्टेजवरून उतरून ती त्यांच्यापाशी आली आणि माईक त्यांच्या तोंडाशी धरला.

"सांगा ना बाबा, सगळे थांबलेत."

"केली गं," विष्णूराव माईकमध्ये म्हणाले, "केली बंद."

तिने त्यांचा हात धरला, आणि तो तसाच धरून दुसरं कडवं उचललं.