वन्सं आणि बेवारशी मीटर

भाऊ गेल्यावर नणंद-भावजयीनं मिळून घर घ्यायचं ठरवलं, तेव्हा नातेवाइकांनी तोंडावर शाबासकी दिली आणि पाठीमागे पैजा लावल्या. भावजयीचं केस कापायचं दुकान होतं. तिची कात्री आणि तोंड, दोन्ही सारखीच चालायची. नणंद वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेली. तिला लांबून येताना पाहिलं की दुकानदार तराजू पुसायला घ्यायचे. उभं आयुष्य दोघी एकमेकींना ‘वन्सं’ आणि ‘वहिनी’ म्हणत आल्या होत्या, आणि एवढ्या दोन शब्दांत बसतील तितके टोमणे बसवूनही झाले होते.

नव्या घरात सामान लागतं न लागतं तोच वन्संनी ओट्याखालचं कपाट उघडलं. आत गॅसचा मीटर होता. सवयीनं त्यांनी आधी सील शोधलं. सील नव्हतं. मग मीटरवरची धूळ पुसून नंबर वाचला आणि कंपनीला फोन लावला, की घर आता आम्ही घेतलंय, तेव्हा बिल आमच्या नावानं पाठवा.

“हा नंबर आमच्याकडे नाही,” पलीकडची मुलगी म्हणाली. “तुमच्या पत्त्यावर मीटरच नाही.”

“अगं बाई, मी त्याच्यासमोर बसलेय!”

“बसला असाल मॅडम. पण तो तिथे नाहीये.”

भाजी परतत असलेली वहिनी इतकी हसली, की उलथनं हातातून निसटलं. वन्संना मात्र हसू आलं नाही.

“नोंद नाही म्हणजे हा गॅस चोरीचा झाला,” त्या म्हणाल्या. “नोंद होईपर्यंत या शेगडीवरचा घासही मी घेणार नाही.”

“आणि मी काय करू?”

“तुझी सदसद्विवेकबुद्धी काय सांगेल ते कर.”

“ती दुकानात राहिली वाटतं,” वहिनी म्हणाली आणि कढईवर झाकण ठेवलं.

झालं. वन्सं पाव, केळी आणि काकड्यांवर राहू लागल्या. जेवणाच्या टेबलाशी ताठ बसून त्या काकडी चावायच्या, तेव्हा समोरच्याला आपलं काहीतरी चुकलंय असं वाटायचं. वहिनीही काही कमी नव्हती. मुद्दाम खिडक्या लावून कांदा खरपूस भाजायची.

“वन्सं, वास तरी चालतो ना?”

“वासाला वजन नसतं,” वन्सं म्हणायच्या आणि हळूच खोल श्वास घ्यायच्या.

इकडे कंपनीला फोन, अर्ज, पुन्हा फोन चालूच होतं. दर वेळी नवा आवाज यायचा आणि जुनंच उत्तर द्यायचा. पण न्हाणीघरातलं पाणीही त्याच गॅसवर तापायचं, म्हणून वन्संनी गार पाण्यानं अंघोळी सुरू केल्या, आणि मग शिंका लागल्या. नाक लाल, डोळे लाल, आवाज फाटलेल्या भोंग्यासारखा. वहिनीची चेष्टा तिथे थांबली. तिनं दुकानातल्या विजेच्या किटलीवर आल्याचं पाणी उकळून थर्मासमध्ये भरून आणलं.

“घ्या. दुकानातल्या विजेचं बिल माझ्या नावानं येतं. आणून दाखवू?”

वन्संनी थर्मास रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी वहिनीनं दुकान बंद ठेवलं आणि शिंकणाऱ्या नणंदेला घेऊन कंपनीचं ऑफिस गाठलं. टेबलामागे एक कारकून होता. त्याच्या केसांचा कलप इतका वाईट लागला होता, की वहिनीला आधी त्याचीच कीव आली. वन्सं नियम सांगत होत्या, तो पोटनियम सांगत होता. ऐकता ऐकता वहिनीचा धीर सुटला.

“जाऊ द्या हो साहेब. आम्हाला गॅसच नको. बंद करून द्या.”

कारकून खूश झाला. “ग्राहक क्रमांक?”

“तोच तर नाही.”

“मग बंद नाही करता येणार. जे चालूच नाही ते बंद कसं करायचं?”

“बरोबर आहे तुमचं. मग तेवढं लिहून द्या. मीटर आमचा नाही, आत काय वाहतं ते आम्हाला ठाऊक नाही, उद्या भडका उडाला तरी आमचा संबंध नाही. खाली सही करा. नाव सुवाच्य अक्षरात.”

कारकुनानं पेन उचललं, खाली ठेवलं आणि आतल्या साहेबांकडे धावला. वन्संनी भावजयीकडे नव्यानं पाहिलं. “खात्यात हवी होतीस तू,” त्या म्हणाल्या आणि शिंकल्या.

सकाळी कंपनीचा फिटर दारात हजर. गल्लीतले मीटर बदलले तेव्हा हे घर बंद होतं. जुना मीटर काढला असं समजून कोणीतरी नंबर खोडला असणार, असं त्यानं सांगितलं. मग गळती तपासायला ब्रशनं नळीच्या जोडांवर साबणाचा फेस लावला. मागच्या एका जोडावर बारीकसा बुडबुडा आला, फुगला, फुटला, पुन्हा आला.

वहिनीचा चेहरा उतरला. इतके दिवस ती तिथेच उभी राहून गाणी म्हणत फोडण्या देत होती. आता वन्सं काय म्हणणार ते तिला पाठ होतं. पण वन्सं काहीच म्हणाल्या नाहीत. त्यांना ते फार जड गेलं, हे त्यांच्या मिटलेल्या ओठांवरून दिसत होतं. त्यांनी फक्त वहिनीच्या दंडाला धरून तिला खिडकीपाशी ओढलं.

फिटरनं जोड बदलला, पुन्हा फेस लावून पाहिला, सील ठोकलं.

“नाव कोणाचं टाकू? एकच टाकता येतं. आईंचं, की मुलीचं?”

“आई कोण?” दोघी एकदम ओरडल्या.

फिटर कपाटात तोंड घालून हत्यारं आवरू लागला.

“वहिनीचं टाका,” वन्सं म्हणाल्या.

वहिनी गडबडली. आजवर घरातली प्रत्येक गोष्ट भाऊंच्या नावावर होती. “माझं कशाला? मोठ्या तुम्ही.”

“पकडलं तर तुला पकडतील. चोरीचा गॅस मी कुठे वापरला?”

“अस्सं! म्हणजे मायेनं नाही!”

“मायेचं बघू नंतर. आधी काहीतरी गरम वाढ.”

वहिनीनं भाजी केली, भात केला. वन्संनी पहिला घास डोळे मिटून घेतला, दुसरा उघडे ठेवून. तिसऱ्याला कपाळावर आठी आली.

“मीठ कमी आहे गं.”

भाऊ गेल्यापासून वहिनीच्या जेवणात कोणी खोड काढली नव्हती. ती मिठाची बरणी आणायला उठली आणि स्वयंपाकघरात जरा रेंगाळली.

“बरणीची पण नोंद करतेयस का?” बाहेरून वन्संचा आवाज आला. “भात गार होतोय!”