तिसऱ्या खटक्याचा फोटो

कोपऱ्यावर नवीन गेस्ट हाऊस उघडणार होतं. तिथल्या मॅनेजरबाईंनी आसपासच्या सगळ्या लॉन्ड्रीवाल्यांना एकच निरोप धाडला : "आधी तुमच्या कामाचे फोटो पाठवा, मग बोलू."

अण्णांनी नाक मुरडलं. लॉन्ड्री त्यांचीच, अख्खी हयात त्यात गेलेली. "चादर हातात घेऊन बघायची असते. फोटोला काय हात लावून कळणार?"

पण त्यांची सून ऐकणारी नव्हती. नणंदेने नवा कॅमेरा घेतल्यावर जुना हिला देऊन टाकला होता आणि तो बाहेर काढायला तिला निमित्तच हवं होतं. तिने इस्त्री झालेल्या चादरींची चळत खिडकीजवळच्या टेबलावर रचली, फोटो काढला आणि कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहिलं, तर दुधासारख्या चादरी राखेत लोळवल्यासारख्या करड्या!

सासूबाई डोकावल्या. "अगं, ती बाई म्हणेल, धुवायच्या आधीचे कशाला पाठवलेत?"

अण्णांचा चेहरा उतरला. वरची चादर उचलून ते दारात गेले, उजेडात उलटीसुलटी करून परत आले. "डाग नाही, पिवळेपणा नाही. तुझा कॅमेराच मळलाय."

सुनेने काच पुसून पाहिली. फरक शून्य. शेवटी नणंदेला फोन लावला.

"मळलाय कसला!" नणंद खो खो हसली. "समोरचं सगळं ना धड काळं ना धड पांढरं, असं धरूनच तो चालतो. ढीगभर पांढरं दिसलं की त्याला वाटतं, बाप रे, केवढा उजेड! मग आपल्याच शहाणपणाने फोटो गडद करतो. त्याला जरा दटाव. अधिक-उण्याची खूण असलेलं बटण आहे ना? ते दाबून चाक फिरव, अधिक एकवर आण."

सुनेने तसं केलं, आणि चादरी लख्ख उजळल्या. सासूबाईंनी तर पडद्यावरच बोट फिरवून पाहिलं.

"पण ताई, खिडकीतला उजेड सारखा कमीजास्त होतोय. दर वेळी किती फिरवू?"

"मग चाक शून्यावर आण आणि ब्रॅकेटिंग लाव. तू एकदा बटण दाबायचंस, तो लागोपाठ तीन फोटो काढतो. पहिला त्याच्या मताने, दुसरा गडद, तिसरा उजळ. तुला पटेल तो ठेव."

फोन ठेवल्यावर सुनेच्या मनात आलं, नुसत्या चादरी काय, कुणाच्याही दुकानात असतात. "अण्णा, आई, तुम्ही दोघं घडी घालताना काढते."

"मी नाही," अण्णा म्हणाले.

कॅमेरा दिसला की अण्णा स्टार्च केलेल्या कॉलरसारखे ताठ होत. घरातल्या एकूण एक फोटोत ते चोरीच्या आरोपाखाली धरून आणल्यासारखे दिसत. सासूबाईंनी मात्र चादरीची दोन टोकं त्यांच्या हातात कोंबली. "धरा. चावत नाही तो."

"एकच हं!" अण्णांनी बजावलं.

कॅमेरा इस्त्रीच्या टेबलावर ठेवून सुनेने बटण दाबलं. खट.

अण्णांनी रोखलेला श्वास सोडला. "सुटलो बुवा!"

त्या जुन्या कॅमेऱ्याला दोन फोटोंच्या मध्ये जरा दम खावा लागे. तो खाऊन झाला. खट.

अण्णा दचकले आणि टोकं हातातून निसटली. पलीकडून सासूबाई जोर लावून ओढतच होत्या, त्यामुळे अख्खी चादर भुर्रकन उडाली आणि त्यांच्याच डोक्यावर येऊन बसली. आतून आवाज आला, "अहो, दिवे कुणी घालवले?"

अण्णा पोट धरून हसले. खट.

तिघांनी पडद्यावर डोकी जुळवली. पहिल्यात करडी चादर आणि ताठ अण्णा. दुसऱ्यात आणखी काळपट चादर आणि आ वासलेले अण्णा. तिसऱ्यात सगळं दुकान उजळलेलं, चादर पांढरीशुभ्र आणि अण्णा डोळे मिटून, पडलेल्या दाताच्या खिंडीसकट हसताहेत.

"आणि माझं तोंड?" सासूबाईंनी विचारलं.

"चादरीखाली. तुझा इतका छान फोटो आजवर आला नव्हता," अण्णा म्हणाले आणि कोपरखळी खाऊन बसले. मग कितीतरी वेळ ते त्या पडद्याकडेच बघत राहिले. "मी असा हसतो?"

"रोज हसता," सासूबाई हळूच म्हणाल्या. "फोटोवाल्यांनाच कधी दिसलं नाही."

सुनेने तोच फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी मॅनेजरबाईंचा फोन आला. "चादरी झकास आहेत, काम तुम्हालाच. पण आधी एक सांगा, आत कोण होतं?"

"मी!" सासूबाईंनी फोन हिसकावून घेतला आणि मग दोघींच्या हसण्यात कामाचं बोलणं राहूनच गेलं. ते करायला सुनेला पुन्हा फोन लावावा लागला.

त्या दिवसापासून अण्णांना कॅमेऱ्याचं वेडच लागलं. एकदा एका गिऱ्हाइकाचा काळाभोर कोट त्यांनी हँगरला अडकवला आणि स्वतःच बटण दाबलं. कोट विटका, राखाडी आला. सून पुढे झाली तशी त्यांनी हात आडवा केला. "थांब, सांगू नकोस. काळं बघून याला वाटलं, अंधार पडला. म्हणून उगाच उजेड पाडतोय लेकाचा. म्हणजे आता उण्याकडे फिरवायचं."

त्यांनी चाक उणे एकवर आणलं, फोटो काढला आणि कोट पुन्हा काळाभोर झाला. "जमलं की!" म्हणून त्यांनी टेबलावर थाप मारली.

तेवढ्यात कोटाचा मालक दारात उभा राहिला. "माझा कोट झाला का?"

"कधीच झालाय," अण्णा डोळ्याला लावलेला कॅमेरा न हलवता म्हणाले. "पण दोन मिनिटं थांबा. आता ते ब्रॅकेटिंग लावून याचे तिन्ही फोटो काढून बघतो."

मालकाने खुर्ची ओढली आणि तोही पडद्यात डोकं घालून बसला.