दोन पलंगांमधला शाफ्ट

दोन हजार अकरा साल. फिटर कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते, आणि घरातलं एकही दार करकरत नव्हतं. बिजागऱ्या, कड्या, शिवणयंत्र, छत्र्या, शेजाऱ्यांच्या सायकली, सगळ्यांना वंगण घालून झालं होतं. मग ते तेलाचा कॅन हातात घेऊन घरभर नुसतेच फिरत, आणि त्यांची बायको, माई, म्हणायच्या, "अहो, आता माझ्या गुडघ्यांवर नजर ठेवू नका हं."

त्याच वर्षी सूनबाईंनी एक लांबलचक, जड खोकं घरी आणलं. ती दिवसा दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसायची आणि संध्याकाळी पोल डान्स शिकायला जायची.

"म्हणजे नाचायचं खांबावर?" माईंनी विचारलं होतं.

"खांबाला धरून, आई."

"धरून नाचायचं तर त्यात नाचण्यासारखं काय?"

सुनेनं मग दिवाणखान्याच्या दाराच्या चौकटीला लटकून दाखवलं होतं. माईंना ते आवडलं होतं, पण तसं बोलायची घरात पद्धत नव्हती.

खोकं आलं त्या दिवशी जेवताना चिरंजीव म्हणाले, "क्लासच्या मॅडम येत्या रविवारी बघायला येणार आहेत. पोल नीट बसला असेल तर नवशिक्या मुली हिच्याकडे शिकायला पाठवतील. इथे नाही जमलं, तर क्लासजवळ एक फ्लॅट बघून ठेवलाय. छत चांगलं भक्कम आहे."

माईंचा घास तोंडातच राहिला.

सून यायच्या आधी त्या घरात बोलणारी वस्तू एकच होती, रेडिओ. फिटर बोलायचे, पण यंत्रांशी. मुलगा कॉम्प्युटरशी. सून आली आणि दवाखान्यातल्या पेशंटांच्या नकला घरात आल्या. दाढ काढायला आलेला पैलवान खुर्चीत बसल्यावर आईला कशी हाक मारतो, हे ती दात घासताना, तोंडात फेस असताना करून दाखवायची. माई दिवसभर त्या वेळेची वाट बघायच्या. आता ते सगळं उचलून दुसऱ्या फ्लॅटमध्ये जाणार, म्हणजे पुन्हा रेडिओ.

"बसेल," माई म्हणाल्या. "इथेच बसेल. अहो, ऐकलंत का?"

हा पोल भिंतीला किंवा छताला ठोकायचा नसतो. तो जमीन आणि छत यांच्यामध्ये घट्ट ताणून उभा राहतो, म्हणून वर पक्की तुळई लागते. फिटरांनी झाडूच्या लांब दांड्यानं छत ठोकत फिरायला सुरुवात केली. दिवाणखान्यात खऱ्या छताखाली प्लास्टरचं शोभेचं छत होतं, त्यांनीच हौसेनं करून घेतलेलं.

"पोकळ," ते ओशाळून म्हणाले.

मुलाच्या खोलीत नेमक्या जागी पंखा. स्वयंपाकघरात ओटा. शेवटी म्हाताऱ्यांच्या खोलीत दांडा ठण्णकन वाजला. तुळई बरोबर दोन पलंगांच्या मधून गेली होती.

सून म्हणाली, "जाऊ दे बाबा, तुमची खोली..."

"पलंग सरकवा," माई म्हणाल्या.

"माझा पलंग त्या भिंतीला?" फिटर म्हणाले. "तिथे वारा लागत नाही."

"लागेल. सून फिरायला लागली की भरपूर लागेल."

खोक्यातून नळ्या निघाल्या, बैठक निघाली, छताला टेकवायची चकती निघाली. माहितीची पुस्तिका फिटरांनी उलटसुलट करून बाजूला ठेवली. "नुसती चित्रं आहेत. चित्रं बघून कुणी शाफ्ट उभा करतं का?" त्या दिवसापासून त्यांच्या लेखी तो शाफ्टच. त्यांनी नळ्या जोडल्या, एलन की फिरवली, माळ्यावरचा ओळंबा काढला आणि दोन बाजूंनी सोडून बघितला. शाफ्ट सरळसोट उभा होता. मग पाना लावून ते तळाचा आटा फिरवत गेले, तशी चकती छताला भिडली.

"झालं, बाबा," मुलगा म्हणाला.

"आणखी एक आटा."

"बाबा, पुरे!"

छताचा थोडा चुना त्यांच्या टकलावर पडला, आणि थोड्याच वेळात वरच्या मजल्यावरच्या वकीलबाई दारात उभ्या. "आमच्या जमिनीतून काहीतरी वर येतंय का हो?"

त्यांनी आत डोकावून पोल पाहिला. "हे कशासाठी?"

"ओले कपडे," माई म्हणाल्या.

वकीलबाईंनी पोलकडे बघितलं, माईंकडे बघितलं आणि उलटतपासणी न करता निघून गेल्या. फिटरांनी आटा थोडा सैल केला.

देखभालीचं सुनेनं सगळ्यांना उभं करून सांगितलं. चढण्याआधी दर वेळी पोल हलवून बघायचा, सैल तर झाला नाही ना. मग स्पिरिटनं पुसायचा. क्रीम नाही, घाम नाही. हात आणि पोल दोन्ही ठणठणीत कोरडे हवेत. माईंनी नीट ऐकलं. फिटर त्या वेळी पोलला कान लावून बसले होते. हा पोल स्वतःभोवती फिरतही असे, आणि आत बेअरिंग आहे हे कळल्यापासून त्यांचं बाकी कशाकडे लक्ष नव्हतं.

रविवारी सकाळी मॅडम आल्या. बुटक्याशा, कानात छोट्या रिंगा, आणि मनगटापासून कोपरापर्यंत हात असे की फिटरांनी आदरानं विचारलं, "आपण कोणत्या खात्यात होता?"

मॅडमनी पोल खांद्यानं ढकलून बघितला. हलेना. "फार छान बसवलाय," त्या म्हणाल्या. फिटरांची छाती फुगली.

सून पुढे आली. मॅडमसमोर गडबडीत पोल पुसायचं विसरली. दोन पावलं घेतली, पोल पकडला, पाय उचलले आणि सुर्रकन खाली येऊन जमिनीवर बसली. उठली. पुन्हा सुर्रकन. तिसऱ्यांदा जरा वरून सुटली, आणि तिचा चेहरा रडवेला झाला. तिनं तळवे पाहिले. ते चमकत होते.

माईंना वास आला. त्या वासाशी त्यांनी जन्मभर संसार केला होता.

"अहो!"

"काय झालं?" फिटर म्हणाले. "पहाटे बेअरिंग जरा कुरकुरत होतं. एक थेंब सोडला. मग म्हटलं, मॅडम तपासणीला येणार, मशीन कोरडं दाखवायचं? आमच्याकडे मोठे साहेब यायचे तेव्हा आम्ही मशीनला वरपासून खालपर्यंत तेलाचा हात फिरवायचो. शाबासकी मिळायची!"

मुलानं कपाळावर हात मारून घेतला. मॅडम समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "असू दे. इथे गर्दीही आहे जरा. त्या दुसऱ्या फ्लॅटमध्ये लावा, मी तिकडे येऊन बघेन."

"थांबा," माई म्हणाल्या.

त्यांना साखरेचं इंजेक्शन घ्यावं लागे, म्हणून स्पिरिट आणि कापूस घरात कायमचा. आधी साबणाचं फडकं, मग कोरडं फडकं, मग स्पिरिट. फिटरांना त्यांनी स्टूल धरायला उभं केलं आणि हातातला कॅन काढून घेऊन मुलाकडे दिला. पोल पुसून झाला. पण सून जागची हलेना.

"आई, आज नको. भीती बसली माझ्या मनात."

माईंनी चष्मा काढून उशीवर ठेवला. "मी बघते."

"आई!"

त्यांनी दोन्ही हातांनी पोल घट्ट धरला आणि पाय वर उचलले. जीव आठवडाभर टांगणीला लागलेलाच होता, आता बाकीच्या माईही लागल्या. माई लटकल्या त्या लटकल्याच. बोटभरसुद्धा घसरल्या नाहीत.

फिटरांनी झटकन ओळंबा सोडला होता. ते ओरडले, "रेसभरही हलला नाही!"

"अहो, मी लटकलेय!"

"तेच सांगतोय! एवढा भार, आणि रेसभर नाही!"

"मला उतरवा आधी!"

मॅडम पलंगावर बसून पोट धरून हसत होत्या. सुनेनं माईंना कमरेला धरून उतरवलं, तेव्हा तीही हसत होती. ती जाऊन हात धुऊन आली, पोल हलवून बघितला आणि चढली. त्या दोन पलंगांच्या मध्ये ती अशी फिरली की फिटरांच्या उशीचा अभ्रा उडाला. त्यांनी वारा लागत असल्याचं मान हलवून कबूल केलं.

"मुली इथेच पाठवते," मॅडम म्हणाल्या. "फक्त यांचा तो कॅन कुलपात ठेवा."

त्या गेल्यावर माई हळूच म्हणाल्या, "तुला जायचंच असेल तर जा हो. पोलचं निमित्त तेवढं सांगू नकोस."

"कुठे जाऊ?" सून म्हणाली. "तिकडे लटकून दाखवणारी सासू मिळणार आहे का मला?"

पुढे मॅडम क्लास विकून दुसऱ्या गावी गेल्या. अजून कधीतरी फोन करतात आणि पहिल्यांदा माईंच्या तळव्यांची चौकशी करतात. सुनेकडे पहिल्या शिकायला आल्या त्या वरच्या वकीलबाई. त्या चिकाटीनं शिकल्या आणि एक दिवस स्वतःच्या घराच्या जमिनीला खालून हात लावून आल्या. त्यानंतर त्यांनी सोडलं. म्हणाल्या, साध्य झालं. चिरंजीव अजून पोलला हात लावत नाहीत, फक्त स्टूल धरतात.

फिटरांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी काठी दिली, ती त्यांनी कोपऱ्यात उभी केली. रोज सकाळी शाफ्टला धरून उठायचे आणि उठता उठता सैल झालाय का ते बघायचे. हिवाळ्यातल्या एका सकाळी ते उठले नाहीत. त्या दिवशीही शाफ्ट घट्ट होता.

सगळे नंतर मोठ्या घरात गेले, माईंसकट. जुन्या खोलीच्या छतावर चकतीचा गोल डाग राहिला. नव्या घरात शिकवायला वेगळा हॉल आहे, त्यात नवे पोल आहेत. जुना मात्र माईंच्या पलंगाशेजारी उभा आहे. इंजेक्शन झालं की उरलेल्या कापसानं त्या तो पुसतात. वर्षातून एकदा कॅन कुलपातून काढतात आणि बेअरिंगमध्ये एक थेंब सोडतात. मग सून येते, पोलवरून बोट फिरवते, बोट नाकाशी नेते आणि माईंकडे संशयानं बघते.