बियाण्याच्या फुलाची चिंधी

मी एक जुनी चिंधी आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. पालीच्या बयाबाईंच्या सासूबाईंनी आपल्या विटलेल्या लुगड्याचा लाल काठ फाडला, तीच मी.

राजगडाच्या पायथ्याला पाली गावात, घरामागच्या वाफ्यात बयाबाई दरवर्षी कोंबडा लावतात. कोंबडा म्हणजे लाल तुऱ्याचं मखमली फूल. दसऱ्याच्या सुमाराला ते कापायचं, जुड्या वळचणीला उलट्या टांगायच्या आणि वाळल्या की गडावर येणाऱ्यांना विकायच्या. सगळ्यांत डौलदार फूल मात्र कापायचं नसतं. त्याला बयाबाई मला बांधत. चिंधी दिसली की ते बियाणं, त्याला हात लावायचा नाही. हे त्या घरात कुणाला सांगावं लागत नसे.

मान मोठा होता खरा. पण बाकीची फुलं गेली की रिकाम्या वाफ्यात आम्ही दोघंच उरायचो. एकटेपणाची सवय होते म्हणतात. मला तरी झाली नाही.

यंदा मला बांधल्यावर लगेच बयाबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या सारोळ्याला लेकीकडे राहिल्या. घरात नवी सून मोहिनी. तिला माझी खूण सांगायची राहूनच गेली. एका रविवारी पुण्याची शेफाली गड उतरून आली, तेव्हा जुड्या संपल्या होत्या.

"ते एक मिळेल?" तिने आमच्याकडे बोट दाखवलं.

"घ्या की ताई. वाळूनच चाललंय ते," मोहिनी म्हणाली आणि तिने विळा लावला. "चिंधी काढू का?"

"राहू दे, छान दिसतेय."

आता मी पुण्यात भिंतीवर उलटी टांगलेली आहे. शेफाली आल्यागेल्याला फूल कौतुकाने दाखवते. फुलातलं पिकलेलं बी रोज खाली गळायचं. "ही काळी वाळू कुठून पडते कोण जाणे," असं म्हणत ती ते केरात भरायची. मला ओरडावंसं वाटायचं, पण चिंधीला कुठलं तोंड? हे बी सासूबाईंनी माहेराहून आणलेलं. बयाबाईंकडे दुसरं नाही. त्या घरी परतल्या असतील. नीट दिसायला लागल्यावर आधी वाफ्याकडेच गेल्या असतील.

फूल आता रितं झालंय. पण वाफ्यात असतानाच थोडं बी गळून माझ्या गाठीत अडकलं होतं, ते अजून आहे. गाठ बयाबाईंच्या हातची आहे, सहज सुटायची नाही.

मित्रांनो, एक दिवस मलाही केरात टाकतील. टाकू देत. तुमच्या हाती लागले, तर फेकण्याआधी माझी गाठ तेवढी सोडा. आणि जमलं तर ती पालीच्या मातीवर सोडा.