डेलीसचा फ्रीझर

जहाज तब्बल सात आठवड्यांनी लागलं. शनिवारी सकाळी सातला बेशो बंदरावरच्या दुकानातून बेरेतीचा फोन आला तेव्हा ग्लेनिस दात घासत होती. तोंडातला फेस तोंडातच ठेवून तिनं ऐकलं.

"सिस्टर, कंटेनर उघडला. कोकरू आलंय. मी सांगितलं म्हणून कुठं बोलू नका हं."

हे 'कुठं बोलू नका' बेरेती तारावा बेटावरच्या झाडून सगळ्या आय-मातांगांना ऐकवायची. आय-मातांग म्हणजे ग्लेनिससारखे बाहेरून आलेले, ताजी मासळी दारात येत असताना गोठलेल्या मटणासाठी जीव टाकणारे लोक. तरी दर वेळी ग्लेनिसला वाटायचं, पहिला फोन आपल्यालाच आला. माणसाला असं वाटून घ्यायची हौस असते.

चूळ भरून तिनं डेलीसला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. दोघींचं चार वर्षांपूर्वी ठरलेलं होतं: जिला आधी कळेल तिनं धावायचं आणि दोघींसाठी घ्यायचं. झोपली असेल, असं म्हणत ग्लेनिसनं पिशव्या उचलल्या आणि मिनीबस पकडली.

ग्लेनिस न्यूझीलंडच्या पार दक्षिण टोकाची. बापाच्या दोन हजार मेंढ्या होत्या, तेव्हा मटणाच्या बाबतीत तिला शहाणपण शिकवायची कुणाची टाप नव्हती. नवरा गेला, मुलगी कर्स्टी लग्न होऊन मार्गी लागली, आणि एकोणपन्नासाव्या वर्षी ती इथल्या नर्सिंगच्या शाळेत शिकवायला आली. बाहेरच्या शिक्षिका दोनच, ती आणि डेलीस. डेलीस टास्मानियाची, तिच्या आधी चार वर्षं आलेली. पाणी किती उकळायचं, वीज गेली तरी मटण टिकावं म्हणून फ्रीझरच्या रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या कशा ठासायच्या, सगळं डेलीसनं शिकवलं. मला पन्नाशीला बहीण झाली, असं ग्लेनिस घरी फोनवर सांगायची.

दुकानाच्या थंड खोलीच्या दारात बेरेती उभी होती. अंगात जाड कोट, डोक्यावर फुलांचा गजरा. बाहेर तेहतीस अंश.

"या सिस्टर, या. मासा दारात आला तर नाक मुरडता, आणि गेल्या वर्षी मेलेल्या कोकरासाठी बस पकडून येता."

"तुझ्या माशाला लोकरीचा वास येतो का?"

"देवाची कृपा, नाही येत!"

ग्लेनिसनं पाच तंगड्या उलटसुलट करून पाहिल्या. पिशवीच्या तळाशी लाल बर्फ साचला असेल तर समजावं, मटण वाटेत कुठंतरी वितळून पुन्हा गोठलंय. हाडाचं टोक काळं पडलेलंही नको. तिनं दोन निवडल्या.

"माणशी एकच," बेरेती म्हणाली.

"एक माझी, एक डेलीसची. नेहमीसारखी."

बेरेतीनं मागणीची वही उघडली, पान उलटलं, परत मागं आली. "सिस्टर डेलीसचं नाव नाहीये."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. त्यांनीच काढायला लावलं, मागच्या जहाजाला. म्हणाल्या, आता नको."

"बारीक व्हायचं खूळ शिरलं असेल डोक्यात. तू दे, मी बघते तिच्याकडे."

बेरेती काहीतरी बोलणार होती. मग तिनं ओठ मिटले, दुसरी तंगडी पिशवीत टाकली आणि ग्लेनिसच्या हातावर थोपटलं. बेरेती काही अशी थोपटणारी बाई नव्हती, पण ग्लेनिसचं सगळं लक्ष पिशवीत.

मांडीवर दोन गोठलेल्या तंगड्या घेऊन मिनीबसमध्ये बसायचं सुख ज्याचं त्यालाच ठाऊक. मांड्या बधिर, डोक्यात लसूण आणि पुदिना. बस खड्ड्यांतून उसळत होती आणि ग्लेनिस मनातल्या मनात भट्टी तापवत होती.

तारावावरच्या परक्यांना एक गोष्ट पाठ असते. कायमचा निघालेला माणूस तोंडानं काही सांगायच्या आधी त्याच्या फ्रीझरवरून कळतं. सणासुदीला राखून ठेवलेलं मटण भलत्याच वारी बाहेर निघायला लागतं, कारण विमानात ते नेता येत नाही आणि फुकट घालवायला जीव होत नाही. असे लोक ओळखण्यात ग्लेनिसचा हात धरणारं कुणी नव्हतं. गेल्या साली पाणीयोजनेच्या डच साहेबानं बुधवारी सगळ्यांना बदक जेवू घातलं, तेव्हा परतताना तिनंच जाहीर केलं होतं, "हा निघाला." दहा दिवसांत निघाला.

आणि गेल्या तीन आठवड्यांत डेलीसनं तिला काय काय वाढलं होतं? सोमवारी डुकराच्या बरगड्या. मग एका मंगळवारी दोन बदकं. नाताळचं हॅम जुलैत. ग्लेनिसनं बोटं चाटून खाल्लं. तिला वाटलं, हे आपल्या कौतुकाचं आहे. वाटायला कारणही होतं.

जूनमध्ये कर्स्टीचा फोन आला होता. ऑक्टोबरात बाळ होणार होतं, पहिलंच, आणि डॉक्टरांनी तिला आतापासून पडून राहायला सांगितलं होतं. "आई, तू ये ना," कर्स्टी म्हणाली. ती कधी काही मागणारी पोर नव्हती. ग्लेनिसचं मन त्याच दिवशी निघालं. पण आत्ताच्या मुली शिकून, त्यांच्यातल्याच दोघी शिक्षिका होईपर्यंत, म्हणजे आणखी दोन वर्षं, बाहेरच्या दोघींतल्या एकीनं तरी राहायलाच हवं, असा त्यांना इथं पाठवणाऱ्या वेलिंग्टनच्या कार्यालयाचा नियम होता. ग्लेनिसनं मन डेलीसजवळ मोकळं केलं. डेलीस समुद्राच्या बांधावर बसून हुंदके देऊन रडली. "तू गेलीस तर मी इथं एकटी वेडी होईन, ग्लेन. दोन वर्षं काढ. मग दोघी बरोबर जाऊ." ग्लेनिसनं दोन वर्षांच्या कागदावर सही करून पाठवून दिली. कर्स्टी फोनवर "बरं" एवढंच म्हणाली. ते 'बरं' ग्लेनिसला अजून झोपू देत नव्हतं. डेलीसकडे जेवायला बसलं की तेवढ्यापुरतं विसरायला व्हायचं.

डेलीस दारात आली ती हातात फडकं घेऊन. "अगं, फोन तरी करायचास!"

"दोनदा केला, महाराणी. ही घे तुझी तंगडी. वहीतून नाव काढून कुणाला फसवतेस?"

डेलीसचा चेहरा खर्रकन उतरला. चोरून बारीक व्हायचं उघडं पडलं म्हणून, असा ग्लेनिसनं अर्थ लावला आणि ती मनापासून हसली.

"आजच करूया," डेलीस घाईनं म्हणाली. "दोन्ही."

"दोन्ही? पुढचं जहाज कधी लागेल याचा पत्ता नाही. एक आज, एक फ्रीझरमध्ये."

"ठेवते मी. तू बस."

पहिली तंगडी पिशवीसकट पाण्याच्या बादलीत गेली. दुपारपर्यंत ती नरम पडली. ग्लेनिसनं तिला सुरीनं खाचा पाडल्या, प्रत्येक खाचेत लसणाची पाकळी आणि मिठात चोळलेली सुकी रोझमेरी कोंबली, वरून तेल चोळलं. खाली भोपळ्याच्या आणि नीरफणसाच्या फोडी पसरल्या, म्हणजे चरबी त्यांच्यावर ठिबकते. भट्टी पेटवली तसं स्वयंपाकघर असं तापलं की दोघी ओले टॉवेल मानेवर टाकून उभ्या राहिल्या. ग्लेनिस कर्स्टीच्या लहानपणचं काहीबाही सांगत होती. डेलीस फक्त हं हं करत होती.

तेवढ्यात ग्लेनिसच्या पायाला ओलं लागलं. दुसरी तंगडी अजून ओट्यावरच होती, फडक्याखाली झाकलेली, आणि पाणी फरशीवर टपकत होतं.

"अगं, हे काय! वितळायला लागली की ही. तुला ठेवायला सांगितलेली ना?"

"राहू दे, ग्लेन, मी..."

"बाजूला सर," म्हणत ग्लेनिस तंगडी घेऊन मागच्या खोलीत गेलीसुद्धा.

फ्रीझरचं झाकण उघडं होतं. बंद होऊ नये म्हणून त्याच्या सांध्यात लाकडी डाव अडकवला होता. आतून तो लख्ख पुसलेला, कोरडा ठणठणीत, साबणाचा वास येत असलेला. ना मटण, ना बाटल्या. वायर गुंडाळून वर ठेवलेली. जहाज लागलेल्या दिवशी सगळं बेट आपापले फ्रीझर भरत होतं, आणि हा असा.

ग्लेनिसच्या हातातली तंगडी बोटांवर ठिबकत राहिली. बरगड्या, बदकं, हॅम, सगळं एका झटक्यात तिच्या ध्यानात आलं. दुसऱ्या कुणाच्या घरी असतं तर तिनं पहिल्याच ताटावर ओळखलं असतं.

डेलीस मागं येऊन उभी राहिली होती.

"कधी?" ग्लेनिसनं विचारलं.

"गुरुवारच्या विमानानं."

"कुठल्या गुरुवारच्या?"

"ह्याच."

"आणि राजीनामा कधी दिलास?"

डेलीस गुंडाळलेल्या वायरचे वेढे नीट करू लागली.

"डेलीस. कधी दिलास?"

"एप्रिलमध्ये." डेलीसनं खाली पाहिलं. "वेलिंग्टननं कळवलं, ग्लेनिसची दोन वर्षांची सही आली की तुम्ही मोकळ्या."

"म्हणून रडलीस."

"रडू खरं होतं गं."

"असेल. कांदा चिरतानाही खरंच येतं."

डेलीस फ्रीझरच्या कडेला टेकली. "आठ वर्षं झाली मला इथं. पाऊस पडला नाही की विहीर खारी, पडला की घरात पाणी. मला नाही झेपत आता. सकाळी उठताना हात जड होतात."

"मग तसं सांगायचंस! सरळ तोंडावर. ग्लेन, मी थकले, मला जाऊ दे, तू थांब. थांबले असते मी."

"कर्स्टीचं कळल्यावरही? नसतीस थांबली. मी तुझ्या जागी नसते थांबले."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून ग्लेनिसचं डोकं आणखीच फिरलं. "सोमवारी कळवते मी त्यांना. सही परत घेतली म्हणून. बघू कोण आधी विमानात बसतंय."

"नाही कळवणार तू," डेलीस हळूच म्हणाली. "बावीस मुली आहेत. त्यांचं वर्ष तू बुडवणार नाहीस. मला माहीत होतं ते."

हे मात्र वर्मी लागलं. खोटं बोलली, रडून सही काढून घेतली, तेही एक वेळ गिळता आलं असतं. पण चार वर्षं जो स्वभाव ही तोंडभरून वाखाणत होती, त्याच स्वभावाच्या भरवशावर हिनं स्वतःचं तिकीट काढलं होतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. कापताना वर बदकही वाढलं.

"आणखी कुणाकुणाला माहीत आहे?"

"बेरेतीला. मुलींना. त्यांनी निरोपाचा नाच बसवलाय."

"म्हणजे मलाच तेवढं नाही."

"आज सांगणारच होते. जेवण झाल्यावर."

"हो ना. पोट भरलं की माणूस भांडत नाही."

भट्टीतून वास सुटला होता. चरबी कढल्याचा, लसूण भाजल्याचा, ग्लेनिसच्या माहेरच्या रविवारचा. डेलीस आत गेली आणि तंगडी बाहेर काढून तिनं ती झाकून ठेवली. मग ताटं मांडली. ग्लेनिसला निघून जायचं होतं, पण मटण टाकून उठणं तिच्या रक्तात नव्हतं. ती बसली.

डेलीसनं हाडाजवळचा, तिच्या आवडीचा तुकडा काढून तिला वाढला. ग्लेनिसनं खाल्ला. मटण सुरेख झालं होतं, वरून खरपूस आणि आत गुलाबी, चार वर्षांत इतकं चांगलं कधी साधलं नव्हतं. त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

"गुरुवारी विमानतळावर येशील ना?" डेलीसनं विचारलं. तिचे डोळे भरले होते. "तू नसलीस तर माझा पाय निघणार नाही."

"गुरुवारी सकाळी बाळंतपणाचा वर्ग असतो."

"तो तर माझा..." डेलीस म्हणाली.

"तुझाच. आता तो मला घ्यायचाय," ग्लेनिस म्हणाली. "पहिलटकरणीजवळ कसं बसायचं, तिला धीर कसा द्यायचा, ते दर गुरुवारी मुलींना शिकवेन. ऑक्टोबरातसुद्धा."